सवलतीचं गाऱ्हाणं

लवूने नारळावरचं प्लास्टिक दातांनी फाडलं आणि त्याच्या पाठीवर चिकटलेला किमतीचा टिकला नखाने खरवडत तो स्टेजच्या कडेला बसून राहिला. टिकला निघत नव्हता. देवापुढे ठेवायच्या नारळावर सुपरमार्केटचं नाव असावं हे त्याला बरं वाटेना. पण कुवेतच्या हवल्लीतल्या या तळघराच्या हॉलमध्ये जेवणं झाल्यापासून जे चाललं होतं, त्याच्या मानाने टिकला पुष्कळच सोवळा होता.

माइक दत्तप्रसादच्या हातात होता.

"माझा मुद्दा अत्यंत सोपा आहे," तो म्हणाला, आणि त्याने तो पुन्हा एकदा अवघड करायला घेतला. "सवलतीला आमचा पाठिंबा आहे. पहिल्यापासून आमचाच आहे. आम्ही म्हणतो एक वर्ष वाढवा. चेअर म्हणते दोन महिने. आता टेक्निकली बघितलं तर दोन महिने म्हणजे सवलत नाही, ती उचकी आहे."

मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी हसलं. अध्यक्ष रियाज स्टेजवरच्या सोफ्यात मागे रेलला होता, तो तसाच म्हणाला, "आणि कमानीचं काय? सवलत घ्यायला सगळे पुढे. गावाच्या वेशीवर कमान उभारायचा ठराव आला की तुमच्या पोटात दुखतं. कमान असेल तर सवलत. नसेल तर बघू."

"बघा! बघा! गरिबाच्या पगाराला कमान बांधली!"

"गरिबाचं नाव तू नको घेऊस दत्तू, तुझ्या गाडीला शोभत नाही."

पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर बसलेल्या एका मुलीने बापाला विचारलं, "पप्पा, आर दे फायटिंग?"

"नो बेटा," बाप म्हणाला, "धिस इज मीटिंग."

वेळखोल ग्रामस्थ मंडळ, कुवेत, हे मुळात एका साकवासाठी निघालं होतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात खाडी ओलांडायला साकव हवा होता, म्हणून कुवेतमधल्या प्रत्येक वेळखोलकराच्या पगारातून महिन्याला पाच दिनार कापायचे ठरलं. शुऐबातल्या ज्या कंत्राटदाराकडे निम्मं गाव कामाला होतं, तो पगार करतानाच वर्गणी कापून मंडळाकडे पाठवायचा, म्हणजे देणाऱ्याला देण्याचेही कष्ट नाहीत. पुढे सरकारने खाडीवर चांगला पक्का पूल बांधला. साकवाची गरज संपली. वर्गणीची संपली नाही. ती त्याच पुलावरून पलीकडे गेली आणि बॅनर, शाली, स्नेहसंमेलनं अशा गावाच्या इतर निकडीच्या गरजांना लागली.

करोनाच्या साली कामं बंद पडली, लोक कॅम्पात डाळभातावर दिवस काढू लागले, तेव्हा मंडळाने मोठ्या मनाने पाचाचे दोन केले. सहा महिन्यांपुरते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी ही तात्पुरती सवलत मरायला टेकायची आणि शेवटच्या शुक्रवारी तिच्या तोंडात पाणी घालून तिला पुढच्या सहा महिन्यांसाठी उठवून बसवलं जायचं. एवढ्या अवधीत मंडळात दोन गट पडले. दोन्ही गटांचा सवलतीला पाठिंबा होता. भांडण त्यावरूनच होतं.

रियाजचं मिरकाबला विमानतिकिटांचं दुकान, दत्तप्रसाद त्याच रस्त्यावरच्या ऑफिसात अकाउंटंट. सकाळी दोघे एकाच बकाल्यासमोर, म्हणजे वाण्याच्या दुकानासमोर, उभे राहून चहा प्यायचे आणि त्याच दुकानातून बिस्किटं घ्यायचे. दोघांपैकी कोणाच्याही पगारातून काही कापलं जात नव्हतं. पदाधिकारी म्हणून ते मानद होते.

लवूच्या पगारातून कापलं जायचं. पंचावन्न उलटली तरी तो शुऐबाच्या कारखान्यांत परांच्या बांधत होता. पगारातलं बरंचसं गावच्या सोसायटीच्या कर्जात जाई, थोडं पोटात, आणि सवलतीने जे तीन दिनार हातात राहत ते जात गावी शेजारच्या तबस्सुमला. तबस्सुम विधवा बाई. दिवसभर बंदरावर कोळंबी सोलायची आणि रात्री ठकूबाईच्या सोबतीला झोपायला यायची. ठकूबाई म्हणजे लवूची आई. मागच्या पावसाळ्यात ती रात्री मागच्या पडवीत पाय घसरून पडली होती आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून होती. नंतर फोनवर तिने लवूला सांगितलं ते एवढंच की, रात्रभर बेडूक फार ओरडत होते. तेव्हापासून तबस्सुम. महिनाअखेर आली होती. आज सवलत वाढली नाही तर पुढच्या पगारापासून पुन्हा पाच, आणि तबस्सुमला नको म्हणून सांगावं लागणार.

म्हणून लवू लक्ष देऊन ऐकत होता. हॉलमध्ये लक्ष देऊन ऐकणारा बहुधा तो एकटाच. शुऐबाहून बसने आलेली माणसं इस्त्रीच्या शर्टांत, बिर्याणीच्या जडपणाने मान टाकून झोपली होती. आपापल्या गटाचं कोणी बोललं की तेवढी टाळी वाजवून पुन्हा झोपत.

लवूकडे आणखी एक काम होतं. वेळखोलात कागदावर काय लिहिलंय त्याला कोणी विचारत नाही. सभा संपताना लवूने नारळावर हात ठेवून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं, आणि सभेत जे ठरलं ते त्यात देवाच्या कानावर घालायचं. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. मग म्हाताऱ्या अफताबचाचांनी दुआ मागायची आणि सगळ्यांनी "आमीन" म्हणायचं. हिंदू-मुसलमान दोघेही दोन्हीला जबाब देत. त्याशिवाय चहा सुटत नसे. गाऱ्हाण्यात आलं ते ठरलं. नाही आलं ते ठरलं नाही. तिथला शब्द फिरवण्याची आजवर कोणाची छाती झाली नव्हती.

माइकने एक किंकाळी फोडली आणि दहा मिनिटांची सुट्टी जाहीर झाली. लवू नारळ घेऊन पॅन्ट्रीत गेला आणि नळाखाली तो टिकला भिजवू लागला.

"लवूभाऊ, जरा."

रियाज दात कोरत आत आला. त्याने दार पायाने लोटलं.

"आज गाऱ्हाण्यात सवलतीचं नाव घेऊ नकोस."

"म्हणजे? वाढवायची नाही?"

"वाढवायची आहे रे. अल्लाची कसम, वाढवायची आहे. पण आज नको." त्याने काडीच्या टोकाला काय आलं ते निरखून पाहिलं. "पुढच्या महिन्यात पोरांचे पाच कापले गेले की बोंबाबोंब होईल. मग मी सांगेन, बघा, मी देत होतो, दत्तूने अडवली. जूनमध्ये आपली निवडणूक. ती झाली की दोन वर्षांची देऊन टाकू. काय?"

"पण तोवर..."

"दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न. तेवढ्यात माणूस मरतो काय?"

"आय एकटी असते भाऊ."

"सगळ्यांच्या आया एकट्याच असतात," रियाज म्हणाला. त्याने काडी पुसून शर्टाच्या खिशात ठेवली, कारण काडी चांगली होती. "तुझी सुट्टी कधी आहे? तिकिटाचं बघतो मी. खिडकीजवळची सीट देतो."

तो गेला. लवूने नारळ पुन्हा नळाखाली धरला. टिकला आता अर्धा निघाला होता, म्हणजे सुपरमार्केटचं नाव गेलं होतं आणि किंमत राहिली होती.

दार उघडलं. या वेळी हाताने, सभ्यपणे.

"लवूदादा, वन मिनिट." दत्तप्रसादच्या एका हातात जिलेबी होती. "आता गाऱ्हाणं घालाल ना, त्यात सवलतीचा विषय घेऊ नका. स्ट्रॅटेजी समजून घ्या. लॅप्स होऊ दे. झाली लॅप्स, तर ब्लेम कोणावर जाणार?"

"कोणावर?"

"चेअरवर! खुर्चीत कोण बसलंय? लोक विचारतील ना, बाबा, तुझ्या काळात पाच कसे झाले? आणि मग जूनमध्ये आपण आलो की पहिल्या मीटिंगला तीन वर्षं. लेखी."

"रियाजभाऊ पण आत्ता हेच सांगून गेले."

दत्तप्रसादची जिलेबी तोंडाशी थांबली. "हेच?"

"हेच. नाव घेऊ नको म्हणाले."

"हुशार आहे हां तो," दत्तप्रसाद मनापासून म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला! एकमत झालं की. चार वर्षांत पहिल्यांदा!" उरलेली जिलेबी त्याने एका घासात संपवली, आजूबाजूला पाहिलं, आणि नारळाखाली अंथरायला लवूने घडी करून ठेवलेल्या कोऱ्या पांढऱ्या कापडाला बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश. "पुढच्या संमेलनात तुमचा सत्कार करायचा डोक्यात आहे माझ्या. शाल-श्रीफळ. गेली कित्येक वर्षं गाऱ्हाणं घालताय, चेष्टा आहे का?"

तो गेल्यावर लवू त्या कापडाकडे बघत राहिला. पाकाचे पाच पिवळे डाग. त्याने कापड उलटं केलं, पण डाग पलीकडेही आले होते.

बाहेर सुट्टी संपली होती. शुऐबाच्या बसचा ड्रायव्हर जिन्याच्या तोंडाशी उभा राहून घड्याळावर बोट आपटत "यल्ला, यल्ला" करत होता. रियाजने माइक घेतला.

"वेळेअभावी सवलतीचा विषय पुढच्या सभेवर ठेवत आहोत. याला जबाबदार कोण ते तुम्ही जाणताच."

"आम्ही जाणतोच!" खालून दत्तप्रसादने अनुमोदन दिलं. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. "लवूदादा, या."

लवूने कापड खिशात कोंबलं आणि नारळ नुसत्या टेबलावर ठेवला. सगळे उभे राहिले. झोपलेल्यांना शेजाऱ्यांनी उठवलं. लवूने नारळावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि परांचीवरून खाली हाक मारायच्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा, वेळखोलच्या राखणदारा, ही तुझी लेकरं दर्यापल्याड वाळूत येऊन बसली आहेत, त्यांच्यावर तुझी नजर असू दे महाराजा!"

"होय महाराजा!"

"ज्याला काम आहे त्याचं टिकू दे, ज्याचं गेलंय त्याला मिळू दे महाराजा!"

"होय महाराजा!"

"उन्हाच्या तलखीत उंचावर चढणाऱ्याचा पाय घट्ट राहू दे महाराजा!"

"होय महाराजा!" हे मागून मोठ्याने आलं.

"कोणी कोणाचं वाकडं चिंतलं असेल त्याला सरळ बुद्धी दे महाराजा!"

"होय महाराजा!" हे पुढून मोठ्याने आलं.

लवूने श्वास घेतला. ठराव सांगायचे ते इथे. डोळे थोडे किलकिले करून त्याने पाहिलं. रियाज हात जोडून, टेबलाच्या आडोशाला धरलेल्या फोनवर अंगठा फिरवत होता. दत्तप्रसाद डोळे मिटून शांत उभा होता, त्याच्या ओठाच्या कडेला पाक चकाकत होता. मागे ड्रायव्हर चुळबुळत होता. लवूने आवाजाची पट्टी बदलली नाही, चालही बदलली नाही.

"आणि या लेकरांच्या पगारातून आज जे दोन कापले जातात ते दोनच राहावेत, त्याचे पाच होऊ नयेत, खाडीला भरती-ओहोटी आहे तोवर होऊ नयेत, असं सगळ्यांनी मिळून तुझ्यापुढे ठरवलंय महाराजा!"

"होय महाराजा!"

हॉल दणाणला. रियाज म्हणाला, दत्तप्रसाद म्हणाला, पहिल्या रांगेतली ती छोटी मुलगीसुद्धा म्हणाली. दत्तप्रसादचं तोंड शेवटच्या अक्षराशी उघडं राहिलं ते तसंच. रियाजचा अंगठा थांबला. अफताबचाचा म्हाताऱ्यातले, हवल्लीला चाळीस वर्षं शिवणकाम केलेले. त्यांनी कोणाला काही बोलायला सवड दिली नाही. लगेच हात पसरले.

"या अल्लाह, लवूने आत्ता तुझ्या दारात जे मागितलं ते सगळ्यांच्या वतीने कबूल कर."

"आमीन!"

दोन्हीकडून शिक्का बसला. मग रियाजने माइक खेचला.

"मित्रांनो! दिलेला शब्द आम्ही पाळला!"

"आमची मागणी मान्य झाली!" दत्तप्रसाद स्टेजवर चढत ओरडला. "आम्ही वर्षाची मागितली होती, आम्ही कायमची मिळवली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघांनी लवूला मध्ये घेतलं. एका खांद्यावर रियाजचा घामट हात, दुसऱ्यावर दत्तप्रसादचा चिकट. फोटो निघाले, वर बघा, हसा, अजून एक. रियाज न हसता त्याच्या कानात म्हणाला, "तिकीट विसर." दत्तप्रसादने दुसरा खांदा दाबला, जरा जास्तच.

बसमध्ये लवू खिडकीशी बसला. बाहेर ऊन उतरत होतं, तरी डांबर वितळल्यासारखं दिसत होतं. शेजारी सुदेश, त्याच्याच खोलीतला वेल्डर, मांडीवर पेढ्यांचे दोन बॉक्स घेऊन बसला होता. दोन्ही गटांनी एकेक दिला होता. दोन्ही बॉक्स मिरकाबच्या एकाच मिठाईवाल्याचे होते आणि दोन्ही सकाळीच भरलेले होते. पेढे कशाबद्दल वाटायचे ते नंतर ठरणार होतं.

"काका, हे बघा, आलंसुद्धा." सुदेशने फोन पुढे केला. ग्रुपवर दोन पोस्टरं पडली होती. एकात रियाज आणि लवू: 'शब्द दिला, शब्द पाळला'. दुसऱ्यात दत्तप्रसाद आणि लवू: 'लढलो, जिंकलो'. दुसऱ्या माणसाला दोन्हीकडे कापून टाकलं होतं, पण त्याचा हात राहिला होता. दोन्ही पोस्टरांत लवूच्या खांद्यावर धड नसलेला एकेक पंजा होता.

"मानलं काका तुम्हाला. पण किती महिन्यांची वाढली?"

"तू 'होय' म्हणालास ना?"

"सगळेच म्हणत होते." सुदेश हसला. "कशाला म्हणालो?"

लवूच्या खांद्यावरचा शर्ट त्वचेला चिकटला होता, तो त्याने दोन बोटांनी उचलून धरला. मग त्याने फोन काढून आईला लावला. गावाला दिवेलागण झाली असणार. निदान हे एक सांगण्यासारखं होतं.

"आये, ऐकतेस काय? सवलत वाढली. आता कायमची. तबस्सुमला सांग, निर्धास्त येत जा."

"वाढली?" ठकूबाईचा आवाज फोनमधून सगळ्या बसला ऐकू गेला असता. "बरं झालं बाबा. जीव टांगणीला होता. मी त्यांना आधीच हो सांगून बसले होते ना."

"कोणाला?"

"मंडळाची माणसं येतात ती. पुढच्याही वर्षाचं देईन म्हटलंय."

लवू सीटवर सरळ बसला. "कसली माणसं? तबस्सुम कुठाय?"

पलीकडे चुलीवरच्या कशाचा तरी चर्र आवाज आला.

"तुला सांगणार नव्हते," ठकूबाई म्हणाली. "शिमग्यापासून येत नाही ती. मीच नको म्हटलं. द्यायला काय होतं तिला? ती म्हणाली, मावशी, फुकट येते. म्हटलं, नको गो बाई. दिवसभर उभ्याने राबतेस, तुझी झोप फुकट कशी घेऊ?"

"मी पाठवतो ते काय झालं मग?"

"ते मंडळाला. दोघं येतात, एक रियाजचा, एक दत्तूचा. एकदम नाही, एक गेला की दुसरा. म्हणाले, तिकडे तुमच्या लवूच्या पगारातलं कापायचं आम्ही कमी करून दिलं, मग तेवढं इकडे द्यायला नको? आता आपल्याच माणसांनी सवलत मिळवून दिली, ती आपणच खाऊन बसायची काय? म्हटलं, खरंय तुमचं. निम्मे त्याला देते, निम्मे याला. उगीच कोणी रुसायला नको."

"पण कशासाठी आये?"

"एक जण कमान बांधायला घेतो. दुसरा ती होऊ नये म्हणून घेतो. कोर्टात जायचंय म्हणतो. दोघंही बोलायला गोड आहेत. चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत."

"आणि रात्री पुन्हा पडलीस तर?"

"पडेन तेव्हा पडेन. आता मागच्या पडवीत जातच नाही मी अंधारात." भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. "ऐकतोस ना?"

सुदेशने काहीतरी विनोद झाल्यासारखं हसत लवूच्या तोंडात एक पेढा कोंबला. "घ्या काका, तुमच्याच विजयाचा!" मागून कोणीतरी शिट्टी वाजवली.

"बरं, एक सांग मला," ठकूबाई आवाज खाली आणून म्हणाली. "तू तिकडे रोज त्यांच्यात असतोस. त्या दोघांतला खरा कोण रे? हे निम्मं-निम्मं मला बरं दिसत नाही. पुढच्या महिन्यापासून एकालाच पुरते द्यावे म्हणते."

लवूने फोन या कानाचा त्या कानाला केला. पेढा जिभेवर तसाच होता. तो थुंकून टाकायला त्याने दुसऱ्या हाताने खिडकीची काच सरकवून पाहिली. पण कंपनीच्या बसच्या काचा एसीसाठी कायमच्या बंद करून टाकलेल्या असतात.